पुतळेकाकांची अठ्ठ्याऐंशी गुणांची झोप

चित्रकला महाविद्यालयात चौतीस वर्षं नोकरी करूनही पुतळेकाकांनी कधी पेन्सिल हातात धरली नाही. त्यांचं काम ऐकायला अगदी सोपं होतं. चौथऱ्यावर बसायचं आणि समोरची वीस-पंचवीस मुलं आपल्याला कागदावर उतरवत असताना हलायचं नाही. "एवढ्यासाठी पगार देतात?" असं कुणी विचारलं की काका म्हणत, "या, बसा पाच मिनिटं." दीड मिनिटात त्या माणसाच्या नाकाला खाज सुटायची. खाज बसल्यामुळे सुटत नाही, हलायचं नाही असं ठरवल्यामुळे सुटते, हा काकांचा चौतीस वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष होता.

पुतळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कुठल्याशा बॅचनं ठेवलेलं ते नाव इतकं मुरलं की एका वर्षी कर्मचाऱ्यांच्या छापील यादीतही तेच आलं. काकांनी ते दुरुस्त करून घेतलं नाही. खरं नाव घरच्यांनाच लागायचं आणि घरात त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतंच.

त्या वर्गाचं सुख काही वेगळंच होतं. उत्तरेकडची उंच खिडकी, तिच्यातून येणारा दिवसभर एकाच रंगाचा उजेड, टर्पेंटाइनचा वास आणि कागदांवर चालणाऱ्या कोळशाच्या कांड्यांची खसखस. दर पंचवीस मिनिटांनी घंटा व्हायची. उठण्यापूर्वी काकांच्या पावलांभोवती खडूची रेघ मारून ठेवत, म्हणजे विश्रांतीनंतर पाय पुन्हा तिथेच पडावेत. एकदा एका वात्रट मुलीनं ती रेघ चार बोटं सरकवून ठेवली. काका परत आले, रेघेकडे ढुंकूनही न बघता आपल्या जुन्या जागी बसले आणि ओठ न हलवता म्हणाले, "बाळ, तुझी रेघ चुकलीय."

त्यांची एक पद्धत होती. श्वास पोटात खाली सोडायचा, खांदे सैल टाकायचे, नजर खिडकीच्या एका काचेवर ठेवायची. थोड्या वेळानं छातीतले ठोकेसुद्धा संथ व्हायचे. मन मात्र तेवढ्यात बाजारहाट उरकून, दोन नातेवाइकांशी मनातल्या मनात भांडून परत येई.

याच महाविद्यालयात कागद, खडू, रबर विकायच्या खिडकीमागे एक मुलगी बसायची. मधल्या सुट्टीत ती वर्गाच्या दारात येऊन काकांना वेडावून दाखवायची. गाल फुगवायची, डोळे तिरळे करायची. अकरा दिवस काका ढिम्म राहिले. बाराव्या दिवशी ती नुसती गंभीर चेहऱ्यानं उभी राहिली आणि काका फिसकन हसले. पंचवीस चित्रं एका क्षणात बिघडली. मास्तर ओरडले. पुढच्याच वर्षी त्या दोघांचं लग्न झालं आणि आहेर म्हणून वर्गानं ती बिघडलेली चित्रं एकत्र बांधून दिली.

ती गेली त्याला आता चौदा महिने झाले होते. आणि चौदा महिने काकांच्या डोळ्याला धड डोळा लागला नव्हता.

ही गोष्ट त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. मुलगी दुसऱ्या शहरात, तिचा संसार, तिची नोकरी. तिला कशाला घोर? पण बाप एकटा आहे हे मुलीला काय कळत नव्हतं? तिनं एक घड्याळ पाठवलं. म्हणजे मनगटावर बांधायचा पट्टा, पण त्याला म्हणायचं घड्याळ. तो चाललेली पावलं मोजायचा, ठोके मोजायचा आणि रात्रीची झोप मोजून सकाळी तिला गुण द्यायचा. ते गुण काकांच्या फोनवर दिसत आणि तिकडे मुलीच्या फोनवरही.

पहिल्याच सकाळी फोन आला.

"बाबा! अठ्ठ्याऐंशी!"

"कुणाला?"

"तुमच्या झोपेला! साडेसहा तास. त्यात गाढ किती, माहितीये? मला कधी सत्तरच्या वर मिळत नाहीत."

काकांना उभ्या आयुष्यात कुठल्याही परीक्षेत अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले नव्हते. क्षणभर छातीसुद्धा फुगली. मग ते म्हणाले, "अगं, पण मी जागाच होतो. साडेनऊला पाठ टेकली ती चारपर्यंत टक्क. नळाचं ठिबकणं ऐकत पडलो होतो."

"असं वाटतं हो बाबा. मी वाचलंय त्यावर. माणूस मध्येमध्ये जागा होतो आणि त्याला वाटतं रात्रभर जागा होतो."

"अगं, मला वाटत नाही, मी होतो."

"बरं, बरं. छान झोपलात हे महत्त्वाचं. मी पळते, बस चुकेल."

डॉक्टरांकडे गेले तर तिथेही तीच तऱ्हा. डॉक्टरांनी फोनवरचे आकडे वरपासून खालपर्यंत बघितले आणि खुर्चीत मागे रेलले. "काका, तुम्ही माझ्याकडे औषध मागताय? मीच तुमच्याकडे मागायला हवं. जा, मजेत राहा."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच कशाबद्दल तक्रार केली होती आणि ती एका पट्ट्यानं फेटाळून लावली होती. डॉक्टरांचं एक वेळ सोडा. पण लेकीलाही खरं वाटू नये, हे त्यांना आत कुठेतरी लागलं. रोज सकाळी ती आनंदानं गुण वाचून दाखवी, रोज सकाळी फोन पाच मिनिटांत आटोपे. महिनाभरानं तर त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली. काय सांगावं, झोपतही असेन. जागं असल्याचं स्वप्न पडत असेल.

अशात, निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, महाविद्यालयातून निरोप आला. निरोप देणारे विभागप्रमुख म्हणजे एके काळचा तो विद्यार्थी, ज्यानं काकांचं नाक तीन वर्षं चुकवलं होतं.

"काका, आमच्या मॉडेलला ताप आलाय. एक सकाळ बसाल का?"

"नाक जमायला लागलं का तुला?"

"आता मी शिकवतो, काका. चुकायचं काम मुलं करतात."

काका गेले. खिडकी तीच होती, खुर्ची नवी होती, मुलं तर त्यांच्या नातवंडांच्या वयाची. साडेदहाला ते बसले. श्वास खाली सोडला, खांदे सैल टाकले, नजर काचेवर. आणि कोळशाची ती खसखस सुरू झाली तसं त्यांना इतकं बरं वाटलं की घंटा वाजली तरी ते उठले नाहीत. पुन्हा वाजली, तरी नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. प्रमुख हळूच म्हणाले, "काढत राहा. असं पुन्हा बघायला मिळायचं नाही."

बाराला काका उठले, गुडघे कुरकुरले, वर्गानं टाळ्या वाजवल्या. चहा घेताना त्यांनी सवयीनं फोन उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग शेजारच्या मुलीपुढे धरला. "जरा वाच गं हे."

तिनं वाचलं. "डुलकी, एक तास अठ्ठावीस मिनिटं. त्यात गाढ झोप..." तिनं मान वर केली. "काका, तुम्ही झोपला होतात?"

"तूच सांग. समोर बसली होतीस ना?"

"मग मी दीड तास डोळे कुणाचे काढले?"

अख्खा वर्ग हसला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरांनो, एक काम करा. प्रत्येकानं आपल्या चित्राखाली आजची तारीख, वेळ आणि सही टाका. आणि सगळ्यांचे फोटो मला काढून द्या."

अठरा चित्रं लेकीला गेली. सोबत डुलकीचा आकडा गेला. अठराही चित्रांत डोळे सताड उघडे. एकात ते दोन दिशांना बघत होते, पण उघडे होते.

फोन संध्याकाळी आला. आज बस गाठायची घाई नव्हती.

"बाबा, या चित्राखाली अकरा वाजून दहा मिनिटं लिहिलंय."

"हो."

"घड्याळ म्हणतंय तेव्हा तुम्ही गाढ झोपेत होतात."

"हो."

"म्हणजे रोज रात्री..."

"हो गं."

मग ती म्हणाली, "ते पहाटे चार ते साडेपाच रोज 'जागे, खूप हालचाल' असं दाखवतं, ते काय आहे?"

"तेवढाच काय तो डोळा लागतो."

ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला. "आई म्हणाली होती मला! म्हणायची, तुझे बाबा दिवसभर जे हलत नाहीत ते सगळं झोपेत हलून घेतात. लाथा काय, कोपरं काय! एकदा तर तिला पलंगावरून खाली ढकललं होतं तुम्ही. तुम्ही लाकडासारखे पडलेले दिसलात की ती ओळखायची, जागे आहेत, काहीतरी सलतंय."

काकांना आठवलं. रात्री अंधारात शेजारून अचूक "जागे आहात ना?" असा प्रश्न यायचा. त्यांना वाटायचं, तिलाही झोप येत नसावी.

"मला कधी बोलली नाही ती," ते म्हणाले. "तीस वर्षं लाथा खाल्ल्या आणि एका शब्दानं नाही?"

"मी म्हटलं होतं, सांग त्यांना. तर म्हणाली, सांगितलं तर झोपेतही पुतळा होऊन बसतील. राहू दे, तेवढेच मोकळे होतात."

काकांनी चष्मा काढला. "तिच्या बाजूला हात जातो गं. रिकामी लागते ती जागा. म्हणून अंग चोरून पडतो."

"बाबा..." लेक म्हणाली. "मला तो आकडा बघून बरं वाटायचं. चांगला आला की वाटायचं, आज काळजी करायला नको. तुम्ही सांगत होतात, आणि मी ऐकलं नाही."

"ऐकलंस की आज."

त्या रात्री काकांनी पट्टा काढून आहेरातल्या त्या बिघडलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला. सकाळी फोन वाजला.

"किती?" लेकीनं विचारलं.

"दोन तास. अंदाजे."

"दोनच?"

"दोनच."

"मग डॉक्टरांकडे मी येते बरोबर. शनिवारी. आणि दोन दिवस राहते. बघू या कशा लाथा मारता ते."

"तू बाजूच्या खोलीत झोप," काका म्हणाले. फोन ठेवला आणि तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला उचलली. एकट्याला ती जड गेली, पण शनिवार तीनच दिवसांवर आला होता.