मालवाहू गाडीतले मामाजी

आमच्या इलेक्ट्रिक मालवाहू सायकलनं वाहिलेला पहिला माल म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं भरलेले आणि मदतीला सदैव तत्पर. त्या मदतीनंच घात केला.

माझी बायको कुंदा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मसाले आणि लोणची करते आणि रस्त्यावरच्या एका खोलीत ती बरण्यांत भरते. दुकानांत बरण्या पोचवायला तिला गाडी हवी होती. अशी गाडी घेणाऱ्या लहान उद्योजकांना सरकार अनुदान देतं, असं मी पेपरात वाचलं आणि त्याच दिवशी अर्ज भरला. स्वतःच्या नावानं.

"मसाले माह्ये, अन् नाव तुमचं काहून?" कुंदानं विचारलं.

"सरकारी काम आहे वं. तुले नाही समजत."

(याआधी मी तीन सरकारी योजनांचे अर्ज भरले होते. तिन्ही नाकारले गेले. अनुभव तो अनुभवच.)

गाडी आली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि पुढच्या चाकांच्या मधोमध कमरेएवढी खोल पत्र्याची पेटी. अनुदानासाठी एकच साधी अट होती. पाहणीला येणाऱ्या साहेबांना गाडी अर्जातल्या पत्त्यावर, दारासमोर उभी दिसली पाहिजे. आमचं दार गल्लीच्या आत आहे, आणि गल्ली अशी, की समोरून कुणी आलं तर आधी श्वास कोणी सोडायचा ते ठरवावं लागतं.

"आत नाही जात ते," कुंदा म्हणाली. "साहेबाले फोन करून विचारा तरी, बाहेर उभी केली तर चालते का म्हणून."

"सरकारी माणसाले विचारलं की तो नाहीच म्हणते," मी तिला समजावलं.

पाहणीच्या दिवशी मी गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली. रिकामी पेटी वळणावर एका बाजूनं उचलली जात होती. वजन हवं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, चार दिवस लेकीकडे राहायला आले होते आणि बाहेर स्टुलावर बसून मजा बघत होते.

"मी बसू का, जावईबापू?" ते म्हणाले. म्हणेपर्यंत स्टुलावर चढून पेटीत उतरलेसुद्धा.

मामाजींच्या वजनानं गाडी छान स्थिर झाली. दहा पावलं ऐटीत गेली आणि एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजारच्या ठवरेकाकूंची पायरी, यांच्यामध्ये घट्ट बसली. पुढे जाईना, मागे येईना. मामाजींचे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि स्टूल राहिलं होतं माझ्या मागे.

"मामाजी, उठता येते का?"

"उठता आलं असतं तर बसलो असतो का, बापू?"

ठवरेकाकू दार उघडून बाहेर आल्या. त्यांना भाजीला जायचं होतं. पायरीवर त्यांच्या आधी आमचं चाक उभं होतं.

"किती वेळ लागन?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अर्जदार कोण आहे?"

साहेब वेळेवर आले होते. सरकार वेळेवर आलं की समजावं, आपलं काही खरं नाही. त्यांनी मान उंचावून पेटीत पाहिलं.

"आजोबा, तुम्ही इथं कसे?"

मी मागून डोळ्यांनी खूप खुणावलं. पण मामाजींना मान वळवता येत नव्हती, आणि जावयाचं भलं करायची हीच वेळ आहे असं त्यांना वाटलं.

"लय आरामाची गाडी आहे, साहेब," ते म्हणाले. "जावईबापू मले यातच फिरवते. काल बर्डीच्या बाजारात जाऊन आलो. पाठ दुखली नाही."

काल मामाजी घराबाहेर पडले नव्हते. साहेबांनी मात्र ते सगळं लिहून घेतलं. मग पेटीतल्या मामाजींसकट गाडीचा फोटो काढला. मामाजी हसलेही.

गलका ऐकून कुंदा आली. तिनं मला स्टूल गाडीवरून पुढे द्यायला लावलं आणि ठवरेकाकूंनी ते पायरीवर ठेवून मामाजींना हात दिला. ते उतरताच गाडी हलकी झाली आणि आम्ही दोघांनी ती उचलून सहज मागे घेतली. म्हणजे तिला अडकवून ठेवलं होतं ते माझ्याच युक्तीनं.

अर्ज नाकारला गेला. शेरा होता, "अर्जदार मालवाहू वाहनातून प्रवासी वाहतूक करीत असल्याचे आढळले."

त्यानंतर कुंदानं गाडीच्या दुकानदाराकडून बिल स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि साहेबांना फोन लावला. गाडी रस्त्यावरच्या तिच्या पॅकिंगच्या खोलीसमोर उभी केली तरी चालते, असं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. तिनं स्वतःच्या नावानं नवा अर्ज भरला आणि अनुदान मंजूर झालं. आता बरण्या पोचवायचं काम माझ्याकडे आहे.

नव्या अर्जात एक रकाना होता, 'हाताखालील कामगार : कुशल की अकुशल'. कुंदानं तिथं माझं नाव लिहिलं आणि पुढची खूण करताना पेन क्षणभरही थांबवलं नाही. खाली मी सही केली. माझी सही असलेला आणि सरकारनं मान्य केलेला तो पहिला अर्ज.