दुसरी साक्ष

चार वाजताचं रीडिंग मी साडेतीनलाच भरून ठेवलं होतं. पासष्ट अंश. भांडं फुटलं तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. म्हणजे जे भांडं जागेवर उरलंच नव्हतं, त्याचं तापमान माझ्या अक्षरात कागदावर होतं.

मी बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. रिअ‍ॅक्टरला आम्ही सगळे भांडं म्हणायचो. दर तासाला त्याचं तापमान बघून लॉगशीटवर लिहायचं, हे माझं काम. रोज तेच आकडे यायचे, म्हणून पुढच्या तासाचं रीडिंग आधीच भरून ठेवायची सवय लागली. मला ती वरच्यांनी लावली आणि मी खालच्यांना लावली. असं लिहिलं की दोष वाटला गेल्यासारखा होतो. तसं नको. त्या दिवशी पेन माझ्या हातात होतं.

भांड्यावर काम करणारा माणूस मनोरकडच्या एका पाड्यावरचा, माझ्याच वयाचा. पावसापुरती भातशेती आणि बाकीचे महिने आमच्याकडे कंत्राटी. तो येशूला मानायला लागला होता. डबा उघडण्याआधी डोळे मिटून बसायचा. आम्ही त्याला फादर म्हणायचो.

"फादर, आमच्या भाजीला पण आशीर्वाद दे रे, खारट झालीय."

"खारट भाजीला आशीर्वाद नाय लागत सायेब, पाणी लागतं."

त्या दुपारी तो केबिनच्या दारात आला आणि म्हणाला, "सायेब, भांडं बोलतंय."

हा त्याचा शब्द. आतला माल जास्त तापायला लागला की भांड्याचा आवाज बदलतो. तो बदल त्याला तापमानाच्या गेजच्या आधी कळायचा. याआधी दोनदा त्याने मला असंच सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्याचं बरोबर निघालं होतं. मी काचेतून गेजकडे बघितलं. पासष्ट. गेजचा काटा अडकला होता हे नंतर कळलं. मी चहा पीत होतो. "जा, येतो," म्हणालो. तो गेला. मी चार वाजताचं रीडिंग भरलं.

त्याचं प्रेत सापडलं थंड पाण्याच्या व्हॉल्वपाशी. व्हॉल्व त्याने अर्धा उघडला होता. त्याच्याच पाड्यावरचा दुसरा एक कामगार पलीकडे होता. त्याचे दोन्ही डोळे गेले.

मी ती लॉगशीट फाडली आणि तीन वाजेपर्यंतची नवी लिहिली. आठवड्याने चौकशी झाली. मला साक्षीला बोलावलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तापमान वाढतंय, असं त्याने तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तापमान हा शब्द त्याने वापरला नव्हता. मी त्या एका शब्दाच्या आड उभा राहिलो आणि तिथेच राहिलो. अहवालात आलं की कामगाराने पाणी वेळेवर सोडलं नाही आणि वरिष्ठांना कळवलं नाही. कारखान्यात कोणीतरी म्हणालं, डोळे मिटून बसला असेल फादर. ते पाड्यापर्यंत गेलं. ते बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होतो, ऐकत होतो.

आंधळ्या झालेल्या माणसाचं घर आणि फादरच्या बायकोचं घर समोरासमोर. मध्ये एक अंगण. त्या दिवसापासून त्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. हिच्या नवऱ्याने प्रार्थनेच्या नादात आमच्या माणसाचे डोळे घालवले, असं ते म्हणायचे. तिला उत्तर देता येत नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं.

मी निवृत्त झालो. बायको वारली. तिला स्मशानात पोचवून आल्यावर मी अंघोळ करून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मला रडू आलं नाही. कधीपासून काही वाटेनासं झालंय, ते मी मोजू लागलो आणि त्या दुपारपाशी येऊन थांबलो.

एका रविवारी मी जीपने मनोरला आणि तिथून चालत त्या पाड्यावर गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना चालली होती. मी मागे बसलो. त्याची बायको पुढे होती, पाठमोरी. गाणं संपलं आणि पास्टर म्हणाले, "कोणाला साक्ष द्यायची आहे?"

मला वाटलं, यांना सगळं कळलंय. मी उठून चप्पल न घालता बाहेर आलो. आतून एका बाईचा आवाज येत होता. पोराचा ताप कसा उतरला आणि प्रभूने कसं सांभाळलं, ते ती सांगत होती. यांच्यात साक्ष म्हणजे ते. देवाने काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मला साक्षीचा एकच अर्थ माहीत होता.

त्यानंतर मी जात राहिलो, जवळजवळ दोन वर्षं. ती मला ओळखत होती. पाण्याचा तांब्या आणून द्यायची. "सायेब, लांबून येता तुमी." मी पाणी प्यायचो आणि तांब्या परत द्यायचो.

एकदा पास्टर बोलताना म्हणाले, "देव इशारा देतो तेव्हा आभाळ फाडून देत नाही. शेजारच्या माणसाच्या तोंडून देतो. आपल्याला तो माणूस लहान वाटतो, म्हणून इशाराही लहान वाटतो." त्या दिवशी मी त्यांना थांबवून सगळं सांगितलं. विचारलं, माझ्यासारख्याचं तारण होईल का?

ते म्हणाले, "येशूने ते करून ठेवलंय. त्याच्यापुढे तुमचं पाप उघडंच आहे, काका. झाकलेलं आहे ते तिच्यापासून."

पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीचं विचारल्यावर मी उभा राहिलो. हिच्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, भांडं बोलतंय असं सांगितलं होतं, मी उठलो नाही, आणि चौकशीत खोटं बोललो, असं म्हणालो. आवाज बाजारभाव सांगावा तसा होता. ती उठली, माझ्याजवळ आली.

"हे त्यांच्या दारात सांगा. आत्ता."

आम्ही शेडमधून त्या अंगणात आलो. ती कडेला थांबली, तिकडच्या बाजूला पाय न ठेवता. आंधळा माणूस ओट्यावर बसला होता. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तवा का नाय बोलला, सायेब? माझी आय मेली. मरंपर्यंत हिला शिव्या देत होती."

मी म्हणालो, "भ्यालो."

तो बायकोला म्हणाला, "ती हाय का तिथं? आत घे तिला." ती आत गेली. मला कोणी बोलावलं नाही. मी उन्हात उभा राहिलो आणि मग चालत निघालो.

पुढच्या खेपेला ती मला म्हणाली, "चौकशीचा कागद हाय ना त्याच्यावर? मग तुमी पण कागद करा." हा तो कागद.

पण सभेत मी एक गोष्ट गाळली होती आणि ओट्यावरही गाळली. येशूच्या माणसांपुढे ती तोंडातून निघाली नाही. "जा, येतो," म्हणण्याआधी मी त्याला हसून विचारलं होतं, "काय बोलतंय भांडं, फादर? तुझ्या येशूचं नाव घेतंय का?"

परवा मी हे सगळं तिला तिच्या ओट्यावर वाचून दाखवलं. या ओळीसकट. ती नागली पाखडत होती. सूप थांबलं.

"मग? त्यो काय बोलला?"

तेही मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"हसला. म्हणाला, 'येशूचं नाय, सायेब. तुमचं घेतंय.' आणि परत आत गेला."

तिला हसू आलं, तोंडाला पदर लावून हसली. "असाच बोलायचा त्यो," म्हणाली. "बरोबर. त्योच हाय ह्यो." तिने समोरच्या घराकडे हाक मारून त्या नवरा-बायकोला बोलावलं आणि मला म्हणाली, "आता पयल्यापासून वाचा."

माझं तारण झालं आहे असं मी मानतो. मला ते अजून जाणवत नाही, तरी मानतो. ते दोघं येऊन बसले. मी कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.