चोवीस तासांचा गोल

हे गेले आणि वर्षाच्या आत मुलाने ठरवून टाकलं की आईने बोरिवलीचं घर सोडून त्याच्याकडे बंगळुरूला यायचं. तो तिथे एकटाच राहतो. 'तू दिवसभर करतेस काय गं तिथे?' हे त्याचं फोनवरचं रोजचं पालुपद. अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब सांभाळण्यात माझा उभा जन्म गेला. म्हटलं, थांब, आकड्यांतच दाखवते.

कॉम्प्युटरवर ऑनलाइन शीट उघडली, त्यालाही तिकडून दिसेल अशी. झोप, स्वयंपाक, बागेतली फेरी, बाजार, वाचन, टीव्ही, गप्पा. रोज तास भरायचे आणि रविवारी दिवसाची सरासरी काढून त्याला पाय चार्ट, म्हणजे तासांच्या फोडी केलेला गोल, पाठवायचा. हाताने सहज झाला असता. पण आईचं डोकं शाबूत आहे हेही त्याला दिसायला हवं होतं, म्हणून बटण दाबताच चार्ट तयार करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. व्हिडिओ बघून शिकले. एक कंस राहिला की सगळं ठप्प. शेजारीण म्हणाली, 'कशाला डोक्याला ताप? चल ना, पत्ते खेळू.' म्हटलं, 'या पोराची जिरवल्याशिवाय उठत नाही मी.'

स्क्रिप्ट चालली, तर दर वेळी जुन्या चार्टवर नवा बसायला लागला, ताटलीत घावणे रचावेत तसा. आधी जुना काढ, मग नवा घाल, हे त्या यंत्राला वेगळं बजावावं लागलं. शेवटी रंगीत, भरगच्च गोल आला. हॉलमध्ये मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

दोन रविवार 'झकास, आई!' असं उत्तर आलं. तिसऱ्या रविवारी त्याने शीटच उघडून पाहिली आणि फोन केला.

'आई, चार्ट मस्त आहे. पण बेरीज वीस तास येतेय. उरलेले चार कुठे गेले?'

पाय चार्टची हीच खोड. जेवढं द्याल तेवढ्याचाच तो पूर्ण गोल करून दाखवतो, काय राहिलं ते सांगत नाही. मला राग आला, त्याचा आणि माझाही. कारण ते चार तास कुठे जातात हे मला ठाऊक होतं. दुपारचं जेवण झालं की मी यांच्या खुर्चीसमोर बसते. काही करत नाही. संध्याकाळ होते. त्याला नाव काय द्यायचं तेवढंच सुचलं नव्हतं.

फोन ठेवला आणि नवी ओळ घातली, 'नुसतं बसणं'. बटण दाबलं. झोपेनंतरची सगळ्यात मोठी फोड तीच निघाली. तशीच पाठवली आणि खाली लिहिलं, 'हे खरं आहे. तरी मी इथेच राहणार. ही फोड लहान करायची तर इथेच, माझ्या माणसांत करीन.'

आता हा बंगळुरूचं तिकीटच पाठवतो, अशी मला धास्ती. मग एका सकाळी त्याचा चार्ट आला. स्क्रिप्ट माझीच, तास त्याचे. झोप, ऑफिसचं काम, जेवण. आणि 'नुसतं बसणं'. त्याची फोड माझ्याहून मोठी होती.

बाप गेल्यापासून हा माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. लगेच फोन लावला.

'काम घरूनच करतोस ना?'

'हो.'

'मग इथे येऊन कर. बसायचंच आहे तर दोघं मिळून बसू.'