साहेबांना उपाशी दाखवायचं काम

अक्कांनी माझा लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला आणि विचारलं, “हे उपाशी पोरगं कोणाच्या घरचं हाय?”

“अक्का, ते साहेबांचं लहानपण आहे.”

“ते कळलं मला. घर कोणाचं?”

घर अक्कांचंच होतं. आम्ही त्याच घराच्या ओसरीत, शिरड शहापुरात बसलो होतो आणि त्यांच्या सुनेनं आणून दिलेला चहा माझ्या हातात निवत होता.

माझा हिंगोलीत व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, जे येईल ते करतो. जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांना घोड्यावर चढताना घाबरलेलं मी पाहिलंय. या वेळचं काम मात्र मोठं होतं. साहेबांच्या वाढदिवसाला मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, मोठ्या पडद्यावर त्यांचा जीवनपट दाखवायचा होता.

साहेब मूळचे आमच्या मोंढ्यातले हळदीचे व्यापारी. वडिलांची आडत होती, म्हणजे शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देणारं दुकान. साहेबांनी ते वाढवलं, हळद पॉलिश करायचा कारखाना टाकला. मग बाजार समिती, मग आमदारकी, मग खासदारकी. आता ते दिल्लीत पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस आहेत आणि टीव्हीवर रोज कोणाला ना कोणाला उत्तर देत असतात. हिंगोलीतले म्हातारे व्यापारी अजून त्यांना बाळूशेठ म्हणतात. अक्का त्यांची थोरली बहीण, त्या नुसतं बाळू म्हणतात.

शूटिंग आणि एडिटिंग माझ्याकडे होतं, पण स्क्रिप्ट दिल्लीच्या एका जाहिरात एजन्सीची. तिथले मल्होत्रा नावाचे गृहस्थ हिंगोलीत मुक्काम ठोकून होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचं ठाम मत होतं की नेता गरिबीतूनच वर यायला पाहिजे. इथं पंचाईत अशी, की साहेबांच्या घरी गरिबी नव्हतीच. मोंढ्यात दुकान, दारात जीप. मल्होत्रांनी पुष्कळ शोधाशोध केली आणि शेवटी त्यांच्या हाती एक गोष्ट लागली. साहेबांची आई लवकर गेली, तेव्हा लहानगे साहेब काही वर्षं अक्कांच्या सासरी राहिले होते.

झालं, मल्होत्रांना हवी ती गरिबी मिळाली. सेनगावहून एक काटकुळं पोरगं आणलं, त्याला फाटका सदरा घातला, रिकाम्या ताटापुढं बसवलं. वर व्हॉइस ओव्हर, म्हणजे चित्रावर मागून येणारा आवाज, “दीदी के घर कितनी ही रातें इस बालक ने सिर्फ़ पानी पीकर काटीं।” त्याखाली मी बासरी टाकली. खरं सांगतो, बासरी फार छान बसली होती. पोरगं तेवढं मध्येमध्ये हसत होतं, कारण शूटिंगआधी त्यानं पोटभर वडापाव खाल्ले होते.

त्या दिवशी मी शिरडला गेलो तो अक्कांची बाइट घ्यायला. बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन-चार वाक्यं बोलून घेणं. अक्का म्हणाल्या, आधी काय केलंय ते दाखवा. मी दाखवलं, आणि लॅपटॉप मिटला तो असा.

“माजं लगीन नवं होतं,” अक्का म्हणाल्या. “सासरी भाऊ आनून ठेवला मी. कोन ठेवून घेतं सांगा? पन सासूनं एक शबूद काढला न्हाई. म्हशीचं पहिलं दूध बाळूला, मंग घरच्या लेकरायला. आन तुमी जगाला सांगून राहिले, ह्या घरात पोरगं पानी पिऊन झोपलं म्हनून? सासू तर वर गेली. तिनं कोणापाशी जाऊन सांगावं आता?”

त्यांचा आवाज चढला नव्हता.

एक गोष्ट सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. साहेब कुठंही असोत, वाढदिवसाला अक्कांनी ओवाळल्याशिवाय ते कोणाचा हार गळ्यात घेत नाहीत. दरवर्षी त्यासाठी शिरडला येतात. यंदा ते औक्षण मोंढ्यातल्या स्टेजवर, फिल्म संपल्यावर ठरलं होतं.

“हे लावलं तर मी काही येत न्हाई,” अक्का म्हणाल्या. “त्या दिल्लीवाल्याला सांगा, पोरगं भाड्यानं आनलं तशी बहीन बी भाड्यानं आन.”

मी बाहेर येऊन मल्होत्रांना फोन लावला.

“गजाननजी, वो सीन तो फिल्म की जान है,” ते म्हणाले. “अप्रूव्ह हो चुका है। दीदी को समझाइए।”

“साहेबांनी पाहिलंय का?”

“साहब के पास टाइम कहाँ है? कल सुबह तीन मिनट दिखा देंगे।”

एडिटरच्या हातात कात्री असते पण अधिकार नसतो. मी लग्नाच्या व्हिडिओतल्या पैठणी नेसलेल्या मावश्या रोज कापतो, पण मंजूर झालेला सीन कापायला मंजूर करणाराच लागतो. मल्होत्रा कार्यक्रम संपला की विमानात बसणार होते. मला मात्र पुढच्या महिन्यात शिरडमधलीच लग्नं करायची होती. आणि अक्कांचा चेहरा काही डोळ्यांपुढून जात नव्हता. चहा अर्धाच सोडून आलो, त्याचंही वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. थेट वडिलांच्या जुन्या आडतीवर येऊन गादीवर बसले. आडत आता पुतण्या चालवतो, पण साहेब गावात आले की बैठक तिथंच. मल्होत्रांनी सुरुवातीची तीन मिनिटं दाखवली. ड्रोनमधून हळदीची हिरवी शेतं, वाळत घातलेल्या पिवळ्याधमक हळदीचे ढीग, मग संसद. साहेब खूश झाले.

“बराबर हाय,” म्हणाले आणि उठायला लागले.

मी कधी नेत्यांशी न विचारता बोलत नाही. त्या दिवशी बोललो. “साहेब, तुम्ही पोत्याचा वरचा माल बघून कधी सौदा केलाय का?”

मोंढ्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवतात. जाणता व्यापारी कोपरापर्यंत हात घालून तळातली हळदीची कांडी काढतो, मोडून बघतो, मग भाव बोलतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मल्होत्रांकडं पाहिलं आणि परत मांडी घातली.

“मधून लाव, गजू.”

स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर त्यांनी बोट टेकवलं. तिथं विधानसभा लागली. “अजून मागं.” कारखाना लागला. “अजून.” मग रिकामं ताट आलं, सेनगावचं पोरगं आलं आणि माझी बासरी आली.

साहेबांनी सगळा सीन शांतपणे पाहिला.

“हे कोन?”

“तुमीच, साहेब,” गादीच्या कडेला बसलेला पुतण्या म्हणाला. तो हसू दाबत होता.

साहेब मल्होत्रांकडं वळले. “मल्होत्राजी, मेरा वज़न देखा है आपने? आधा तो बचपन का है। शिरड शहापूर का।”

आडतीवरचे हमालसुद्धा हसले. साहेबही हसले, पण मग एकदम थांबले. “अक्कानं पाह्यलं का हे?”

“काल पाहिलं.”

“काय म्हनली?”

मी भाड्याच्या बहिणीचं सांगितलं, जसंच्या तसं. साहेबांनी पायात चप्पल सरकवली. दारात हार घेऊन थांबलेल्यांना बाजूला सारत ते म्हणाले, “गाडी काढा. गजू, कॅमेरा घे. मल्होत्राजी, आप भी चलिए, जेवायला.”

शिरडला अक्कांनी काही विषय काढला नाही. भावाला पाहिलं, आत गेल्या आणि भाकरी थापायला बसल्या. साहेब चुलीपुढं पाट ओढून बसले. अक्कांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली. मग साहेब हळूच म्हणाले, “मला ठावं न्हवतं, अक्का.”

“तुला ठावं असायला पायजे व्हतं. पिक्चर तुझा हाय.”

“चुकलं.”

“जेव आता.”

मी कॅमेरा चालू ठेवला होता. अक्कांनी सासूची सगळी गोष्ट सांगितली, वर हेही सांगितलं की बाळू दूध पिऊन झाल्यावर सायीसाठी परत यायचा आणि सासू त्याला पाठीशी घालायची. मल्होत्रा ताटावरून मान वर करून म्हणाले, “लेकिन साहब, इसमें संघर्ष कहाँ है?”

“संघर्ष पाहिजे? सांगतो,” साहेब म्हणाले.

पहिला स्वतंत्र सौदा त्यांनी वरचा माल बघून केला होता. ट्रक सांगलीला गेला आणि तसाच परत आला, आत सगळी ओली, बुरशी लागलेली हळद. वडील रागावले नाहीत. त्यांनी ती पोती दुकानाच्या दारातच रचून ठेवली आणि आल्या-गेल्याला सांगायचे, ही आमच्या बाळूची खरेदी.

“आख्खा मोंढा हसून राहिला होता,” साहेब म्हणाले. “लाज काय असते ते तवा कळलं. राजकारणात माझ्यावर लई टीका झाली, पन त्या पोत्यांएवढी कोणतीच लागली न्हाई.”

मल्होत्रांनी जेवण थांबवून विचारलं, हे कॅमेऱ्यावर परत बोलाल का. तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. चांगली गोष्ट समोर आली की ती ओळखता येत होती त्यांना.

सीन बदलला. बासरी काढली. सेनगावच्या पोराला वाईट वाटू नये म्हणून त्याला साय चोरताना दाखवलं. ते त्यानं मन लावून केलं.

वाढदिवसाला मोंढा भरला होता. शिरडहून तर जीप भरभरून माणसं आली होती. ओल्या हळदीच्या पोत्यांना सगळ्यात मोठा हशा पडला, आणि साहेब पहिल्या रांगेत बसून इतरांपेक्षा मोठ्यानं हसले. अक्का पडद्यावर सासूबद्दल बोलू लागल्या तेव्हा मात्र गडबड थांबली. अक्कांचे म्हातारे दीर पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डोळ्यांना लावला आणि शेजाऱ्याला सांगितलं, “माझी माय हाय ती.” मग अक्का स्टेजवर चढल्या, भावाला ओवाळलं आणि त्याच्या तोंडात एवढा मोठा पेढा कोंबला की साहेबांचं भाषण थोडं उशिरा सुरू झालं.

फिल्म पुढं दिल्लीतही दाखवली म्हणे. मल्होत्रांचा दिवाळीला फोन येतो, आधी अक्कांची चौकशी करतात, मग माझी. मलाही आणखी दोन पुढाऱ्यांचे जीवनपट मिळाले. दोघांच्याही स्क्रिप्टमध्ये उपाशी लेकरू होतंच.

मी आता एवढंच करतो. भुकेचा सीन आला की कॅमेरा काढण्याआधी विचारतो, त्या घरात स्वयंपाक कोण करत होतं, आणि आधी तिला भेटून येतो.