करवलीचा शर्ट

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा माझ्या ऑफिसात येऊन बसली होती. घरी रंगकाम चालू होतं आणि रंगाचा वास तिला सहन होत नाही. परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून आहे. माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर ती तीन तास बसली, कोणाशी बोलली नाही, कशाला हात लावला नाही. घरी येताना म्हणाली, "तुमच्याकडे येणारी माणसं फक्त कामाचं बोलतात. तुम्हाला कोणी 'हसून दाखव' म्हणत नाही."

मी म्हणालो, कारकुनाकडून तशी कोणाची अपेक्षाच नसते.

दुसऱ्या दिवशी तिने माझा जुना पांढरा शर्ट मागितला. कॉलरचं लेबल ब्लेडने उसवून काढलं, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावली, गळ्याचं वरचंही लावलं, खिशाला पेन अडकवला. वर्षानुवर्षं धुऊन तो शर्ट मऊ पडला होता, हे एक कारण. दुसरं कारण तिने ऑफिसात शोधून काढलं होतं. तेव्हापासून शाळेच्या गणवेशाचे तास सोडले तर ती माझ्या खात्याचीच कर्मचारी दिसू लागली. गल्लीतले एक गृहस्थ तिला "काय रावसाहेब" म्हणायचे. तिने मला विचारलं, रावसाहेब हे पद कोणत्या वेतनश्रेणीत येतं. मी सांगितलं, ते फक्त बोलण्यात येतं.

तिला ऑटिझम आहे हे आम्हाला ती सहा वर्षांची असताना कळलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने कधी आमच्याकडचा सत्कार समारंभ पाहिला नसावा, नाहीतर तो त्याने व्यासपीठावरच्या मंडळींसाठी राखून ठेवला असता. महिन्यातून एकदा एका समुपदेशक बाईंकडे आम्ही असे आईबाप जमतो. तिथे एक सतरा वर्षांचा मुलगा भर मे महिन्यात कानटोपी घालून येतो. एक मुलगी वर्षभर एकच ओढणी वापरते, ती धुवायची तर मुलगी झोपलेली असताना. त्यांच्या आया हे सांगतात तेव्हा आवाज खाली आणतात. मी माझ्या मुलीच्या शर्टाबद्दल मोठ्याने सांगायचो. मला वाटायचं, मी यातलं काही मनाला लावून घेत नाही.

ती दहावी झाली त्या वर्षी पालमला माझ्या मेहुणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. नवरी माझ्या मुलीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमच्या नातेवाइकांत माझी मुलगी जिच्याशी आपण होऊन फोनवर बोलते अशी ती एकटीच, कारण ती "मग काय चाललंय?" असं विचारत नाही. ती विचारते, "आज पुस्तकाच्या कोणत्या पानापर्यंत आलीस?" ती लग्नानंतर पुण्याला जाणार होती. करवली म्हणून तिने माझ्या मुलीलाच मागितलं. मुलीने लगेच करवलीची कामं विचारून वहीत उतरवून घेतली: डाव्या बाजूला उभं राहायचं, पाण्याची बाटली धरायची, नवरीची पर्स सांभाळायची, फुलं पडली की पदर झटकायचा. मग विचारलं, "शर्ट चालेल का?"

फोनवरून नवरी हसत म्हणाली, "पांढराच हाय ना? आमचं लग्नच पांढऱ्यात लागतंय. तू काहीबी घाल गं, फक्त माझ्या बाजूला उभी राह्य."

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्यातच असतात, जमलेल्यांतही बरेच जण पांढऱ्यात. त्यामुळे शर्टाचा प्रश्न मुलीच्या हिशेबी मिटला होता. महिनाभर ती रोज कामांची यादी वाचायची. आरशासमोर उभी राहून हातात बाटली कशी धरायची ते पाहायची. तिला कुठल्या समारंभाची वाट पाहताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण करवलीला मानाचे कपडे करायचे असतात, आणि ते मांडवात तिच्या अंगावर दिसले नाहीत तर देणाऱ्याचा मान जातो. आक्का पालमहून एसटीने आली ती पिशवीत पांढरा घागरा-चोळी घेऊन. त्यावर चंदेरी टिकल्या, नेटच्या बाह्या, आत कडक अस्तर. मुलीने एका बोटाने बाही चाचपली आणि म्हणाली, "हा सुंदर आहे मावशी. मी घालणार नाही. बाकीची सगळी कामं करीन." ती पुस्तकातलं मराठी बोलते.

ती आत गेल्यावर आक्का म्हणाली, "दाजी, पाव्हणे काय म्हणतील? एवढं खटलं जमणार, आन् करवली बुशकोट घालून. माझ्या पोरीचं सासर हाय ते."

बायको म्हणाली, "आक्का, ती येती तशी येऊ दे. न्हाईतर आमी तिला आणतच न्हाई."

"मी न्हाई म्हणाले का? एक घंटा घाल म्हणायले मी. एक घंटा काय मरती का?"

मी घागरा घडी करून ठेवून घेतला. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोटं नव्हतं. विधवा बाई, शिवणकाम करून पोरगी शिकवलेली. तिच्या आयुष्यात मानाची बाब म्हणावी अशी गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा येणार होती. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. त्यामागे दुसरंही होतं, ते कमी वेळा सांगितलं. वारलेल्या साडूकडचे, नवरदेवाकडचे, माझ्याच खात्यातले दोघे तिथे येणार होते, आणि 'यांचीच का ती' हे मला तिथे ऐकायचं नव्हतं.

मुलगी प्रवासातला घामेजलेला शर्ट पुढे घालू शकत नाही. म्हणून माझ्याकडून मागून घेतलेल्या शर्टांपैकी ती एक अंगावर घालते आणि एक पिशवीत ठेवते. सामानाची यादी लिहिते, वस्तू ठेवली की पेन्सिलने टिक करते. लग्नाच्या सकाळी तिने पिशवी भरली, प्रत्येक वस्तूपुढे टिक केली आणि आंघोळीला गेली. मी पिशवीतून शर्ट काढला आणि माझ्या कपाटात माझ्या शर्टांच्या मध्ये ठेवला. त्याच्या जागी आक्काचा घागरा ठेवला. दोन मिनिटांचं काम.

पालमच्या मंगल कार्यालयातल्या खोलीत तिने पिशवी उघडली. घागरा बाजूला काढला. मग एकेक वस्तू जमिनीवर मांडली, परत भरली, परत मांडली. अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी माझ्याकडे यादी घेऊन आली.

"शर्ट नाही. मी ठेवला होता. ही टिक आहे."

मी म्हणालो, "घागरा मावशीसाठी मी वर ठेवला होता. शर्ट घाईत राहिला असेल."

"पण टिक आहे."

"कधीकधी टिक करूनही राहतं, बाळा. सगळ्यांचंच होतं."

तिने त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग "बरं" म्हणाली आणि घागरा उचलून आत गेली.

लग्न थाटात झालं. त्रिशरण-पंचशील होण्याआधी तासभर सत्कार चालले. आमच्यात नारळ नाही, म्हणून शाल आणि पुष्पगुच्छ. एका पुढाऱ्याने वधूवरांना आशीर्वाद देताना स्वतःच्या कार्याचा आढावा घेतला. माइकवाल्याने माझंही नाव पुकारलं. अशा प्रसंगांवर मी ऑफिसात चहाबरोबर हसत आलो आहे. पण मी गेलो, मान वाकवली, शाल घेतली, आणि खाली येताना मला बरं वाटलं.

मुलगी डाव्या बाजूला उभी होती. टिकल्यांनी मानेला रेघा उमटल्या होत्या. तिने बाटली धरली, पर्स धरली, पदर झटकला. फोटोवाल्याने हस म्हटल्यावर हसली आणि मग थांबायचं कधी ते त्याने सांगितलं नाही म्हणून हसतच राहिली.

"आता कशी माणसात आली," कोणीतरी माझ्याशेजारी म्हणालं. "सुधारली की हो पोरगी तुमची."

जेवणाच्या आधी मी पाण्याचा जग घेऊन स्टेजवर गेलो, तेव्हा नवरी तिच्या कानाशी वाकून विचारत होती, "शर्ट कुठाय गं?"

"राहिला," मुलगी म्हणाली. "माझी चूक झाली."

नवरीने माझ्याकडे पाहिलं. मी जग खाली ठेवला आणि उतरलो.

घरी पोचल्यावर ती आंघोळ करून झोपली. तिच्या मानेवर आणि दंडांवर लाल पुरळ होतं. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत मी तो शर्ट माझ्या कपाटातून काढून तिच्या खणात ठेवला. चोरी निस्तरण्याचा हा माझा मार्ग. तिने खण उघडला, शर्ट पाहिला आणि आईला सांगितलं, "खरंच राहिला होता." बायकोने मला काही विचारलं नाही. तिने त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि ते पुढे बरेच दिवस चाललं.

त्यानंतर मुलगी याद्या करेना. सकाळी उठून आईला विचारायची, "मी काय घालू?" आई देईल ते घालायची. आक्काने आणखी दोन ड्रेस शिवून पाठवले, तेही घातले. मानेला लागायचं तिथे हाताने धरून बसायची. महिन्याच्या बैठकीत त्या बाई म्हणाल्या, बरीच लवचिकता आली आहे. कानटोपीवाल्या मुलाच्या आईने मला विचारलं, "तुमी नेमकं काय केलं हो?" मी म्हणालो, काही नाही, वयाबरोबर होतं.

पुढे कपड्यांपुरतं राहिलं नाही. ती विचारू लागली, मी दात घासले का, मी दाराला कडी लावली का, मी जेवले का. स्वतः केलेल्या गोष्टीचा तिला दुसऱ्याकडून दाखला लागायचा.

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांची फाईल घेऊन आम्ही निघालो. दारात तिने तिसऱ्यांदा विचारलं, "मी गुणपत्रिका ठेवली का? तुम्हीच बघा. मला दिसते, पण मला दिसण्यावर भरवसा नाही."

मी चपला काढून परत खुर्चीवर बसलो आणि सांगितलं. शर्ट तू ठेवला होतास. तुझी टिक बरोबर होती. मी काढला.

ती रडली नाही, चिडली नाही.  मग तिने कामाचं विचारावं तसं विचारलं, "आणखी काय काय काढलं?"

"काही नाही. तेवढंच."

"आणखी काय काय मला खोटं सांगितलं?"

मी म्हणालो, काहीच नाही. आणि म्हणता म्हणता मला आठवायला लागलं. इंजेक्शन दुखणार नाही. शाळेत तुझ्याबद्दल कोणी बोलत नाही. तुझं कुत्रं मेलं नाही, शेतावर पाठवलंय. सगळेच आईबाप बोलतात तेवढंच, पण तिने ते सगळं जसंच्या तसं घेतलं होतं.

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत खऱ्या उत्तराची वाट बघत होती. चेहरे वाचणं तिला जमत नाही असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे. मी उत्तर देईपर्यंत ती वळली, आत जाऊन आईला घेऊन आली आणि म्हणाली, "कॉलेजात तू चल."

दोघी रिक्षाने गेल्या. मी त्या दिवशी ऑफिसात वेळेवर पोचलो.