आग टॅक्स आणि भोईरमामांची गाडी

फायर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये फोन उचलणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही, किस्सेच तिला फोन करतात! मांजर झाडावर चढलं, पोरगं बाथरूमला आतून कडी लावून बसलं, शेजारच्यांकडून जळका वास येतोय पण त्यांच्याशी बोलणं नाही... सगळं आमच्याकडेच. घरी जाऊन सांगितलं की नवरा म्हणतो, "तू ड्युटीला जातेस की नाटकाला?" त्यात मध्यंतरी आग टॅक्स निघाला आणि माझ्या किश्शांना नुसता ऊत आला.

झालेलं असं, की शहरात टॉवर उभे राहत गेले आणि आमच्या गाड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणून वरून प्रस्ताव आला. शहरातल्या दुकानांत जे विकलं जाईल त्याच्या बिलावर किंचित अधिभार लावायचा आणि ते पैसे फक्त फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्सवर खर्च करायचे. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोकांनी दुसऱ्याच दिवशी बारसं उरकलं, 'आग टॅक्स'! शहर कुठलं ते विचारू नका. ठाणे आणि कल्याणच्या आसपासचं कुठलंतरी समजा, मला अजून नोकरी करायचीये.

टॅक्स पास झाला तर पहिली नवी गाडी आमच्या स्टेशनला मिळणार होती. आणि आमचे ड्रायव्हर भोईरमामा उन्हाळ्यात रिटायर होणार होते. मामा ठाण्याजवळच्या बाळकुमचे, बोली आगरी. सगळी नोकरी एकाच जुन्या गाडीवर काढलेली. त्यांचं मागणं एवढंच, "एकदा नव्या गारीवर बसून सायरन वाजवीन, मग खुशाल घरी जाईन." आम्हा सगळ्यांचा जीव त्या टॅक्समध्ये अडकलेला तो यासाठी.

*

पेपरात बातमी आली त्याच सकाळी पहिला फोन.

"मॅडम, तो आग टॅक्स तुमचाच ना?"

"हो, म्हणजे आमच्यासाठी आहे. आग कुठे लागलीये?"

"नाही हो, आग कुठे? तेच विचारतोय. वर्षभर टॅक्स भरला आणि आग लागलीच नाही, तर काय?"

मी म्हटलं, "तर चांगलंच आहे की!"

"तसं नाही. गाडीच्या इन्शुरन्सला नो क्लेम बोनस असतो, तसं काही देणार का?"

आमचे स्टेशन ऑफिसर कांबळेसाहेब बाजूलाच उभे होते. साहेब कधी हसत नाहीत. त्यांनी शांतपणे रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "देऊ ना. तुमचं घर तुम्हाला परत!"

*

मग साहेबांना वरून ऑर्डर आली, सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना टॅक्स समजावून सांगा. पहिलाच कार्यक्रम एका नव्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये. मी सोबत गेलेले, प्रोजेक्टर लावायला.

साहेबांनी मन लावून सगळं सांगितलं. शेवटी सेक्रेटरी उठले. "आत्ताची तुमची शिडी किती उंच जाते?"

साहेब खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा प्रॉब्लेम. "पाचव्या मजल्यापर्यंत, सर."

झालं! वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्यापर्यंत पोचतच नाही तर आम्ही का भरायचं? खालचे म्हणाले, आम्ही जिन्याने धावत सुटू, आम्हाला शिडी कशाला? अर्धा तास नुसता कल्ला. साहेब माइक हातात घेऊन ऐकत होते. सगळे दमल्यावर म्हणाले, "म्हणजे शिडीचा उपयोग फक्त चौथ्या आणि पाचव्या मजल्याला आहे. ठीक आहे. चौथ्या-पाचव्यावर कोण राहतं, जरा हात वर करा."

एकही हात वर नाही. मागच्या रांगेतल्या एक काकू पर्स उचलून दाराकडे निघाल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, तुम्ही पाचव्यावर ना?"

काकू थांबल्यासुद्धा नाहीत. "आम्ही भाड्याने राहतो!"

*

लोकांचं सोडा, आमच्या घरात काय वेगळं? मी राहते दिव्याला. आमच्याकडे पाणी पाहुण्यासारखं येतं, कळवत नाही आणि थांबत नाही. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, विहिरीवर वाढलेल्या. त्यांचा त्या नळावर फार राग.

एकदा ऐन गौरीच्या दिवशी नळ कोरडा. घरात पंधरा माणसं. सासूबाईंनी सरळ कंट्रोल रूमला फोन लावला. मोबाईलवर नाही, इमर्जन्सी नंबरवर!

"अगं, तुमच्या त्या बंबात पाणी असतं ना?"

"असतं आई, पण ते आगीसाठी असतं."

"मग इथे काय कमी आग लागलीये? तुझ्या नणंदेने पुरणाचं पातेलं करपवलंय, ते घासायचंय!"

मी समजावलं, की अशी गाडी पाठवता येत नाही, माझी नोकरी जाईल. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि वर टॅक्स मागतायत मेले!"

*

आग टॅक्सच्या विरोधात सर्वात पुढे होते पाटणकर. बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं मोठं दुकान, शिवाय व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. बोलणं एकदम शुद्ध, गोड, आणि खिसा शिवून घेतलेला. "आमचा विरोध व्यक्तींना नाही, प्रवृत्तीला आहे," असं आम्हालाच स्टेशनवर येऊन, आमचाच चहा पीत सांगून गेलेले.

दिवाळीच्या आधी त्यांचाच फोन. दुकानाचं शटर अर्ध्यात निसटून खाली आलं आणि जाम झालं. आत पाटणकर, दोन नोकर आणि बायकांचा अख्खा घोळका. वीज चालू, हवा होती, जिवाला धोका नव्हता. तरी आमची माणसं कटर घेऊन धावत गेली.

बाहेरून मामा ओरडले, "घाबरू नका, काढतो बाहेर!"

आतून पाटणकरांचा आवाज, "सावकाश होऊ द्या हो, घाई नाही! शटर नवीन आहे, जपून कापा!" आणि मग हळू आवाजात, "ताई, ही बघा, जांभळी. आता अडकलाच आहात तर पैठणीही पाहून घ्या."

शटर कापून वर केलं. मामांना वाटलं, बायका रडत बाहेर येतील. एकही हलली नाही. एकजण मागे वळून म्हणाली, "दादा, पाच मिनिटं हां, माझं बिल व्हायचंय."

मामा कटर खाली ठेवून म्हणाले, "शेट, परत लावू क शटर?"

*

हे मामा तोंडाचे फटकळ, पण गाडीच्या बाबतीत एकदम हळवे. गाडीसमोर तिला कोणी खटारा म्हटलेलं त्यांना चालत नाही. दसऱ्याला झेंडूचं तोरण स्वतः ओवतात, आणि गॅरेजवाल्याने बॉनेट जोरात आपटलं तर त्याला शिव्या बसतात.

एका कंपनीचा माणूस नव्या गाडीचा रंगीत फोटो देऊन गेला. काय गाडी होती! लालभडक, एसी केबिन, शिडी तर आभाळात. साहेबांनी तो फोटो मामांना दिला. मामांनी चष्मा लावून किती वेळ पाहिला, बोट फिरवून स्टिअरिंग पाहिलं, आणि घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

मी म्हटलं, "मामा, केबिनमध्ये लावा ना समोर. रोज दिसेल."

तर मला गाडीपासून लांब नेऊन म्हणाले, "येडी क काय पोरी? ती बघंल ना!"

मी हसले खरी, पण नंतर जागेवर येऊन बसले आणि डोळे भरून आले. या माणसाला ती नवी गाडी मिळायलाच हवी, असं मला फार वाटलं.

*

शेवटी सुनावणीचा दिवस उजाडला. टॅक्सवर लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि एका मोठ्या अधिकाऱ्यांनी त्या लिहून घ्यायच्या. हॉल पहिल्या मजल्यावर, दुपारी, खचाखच. साहेब, मी, मामा आणि चार फायरमन हजर. गाडी खाली, हॉलसमोरच्या उताराच्या तोंडाशी उभी. त्या दिवशी शहरातून काही कॉल आला तर आम्ही तिथूनच निघणार होतो. मामांनी इस्त्रीचा युनिफॉर्म घातलेला आणि खिशात फोटो.

साहेब थोडंच बोलले. "गाडी म्हातारी झालीये. एखाद्या दिवशी ती पोचणार नाही, आणि तेव्हा उत्तर मला द्यावं लागेल." हॉल जरा गंभीर झाला. अधिकारीही मान हलवायला लागले. मी मामांकडे पाहिलं. मामा खिशावर हात ठेवून बसलेले.

मग पाटणकर उठले. "आमच्या अग्निशमन दलाचा आम्हाला अभिमान आहे! मी स्वतः अडकलो होतो. हे वीर दहा मिनिटांत आले. आहे त्या साधनांत एवढं उत्तम काम होत असेल, तर नवीन साधनांची गरजच काय?" टाळ्या! आमचंच कौतुक करून आमचाच टॅक्स पाडायला निघालेला माणूस. शिव्या द्याव्यात तर टाळ्या आमच्यासाठीच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कंट्रोल रूममधून. मागच्या गल्लीतल्या फरसाणवाल्याच्या भट्टीने पेट घेतला होता. आधीच सांगून टाकते, कोणाला काही झालं नाही, आग वेळेत विझली. पण तेव्हा काय माहीत? आम्ही धाडधाड जिना उतरलो, आणि काय झालंय ते बघायला अख्खा हॉल आमच्या मागे.

मामांनी चावी फिरवली. घर्र. पुन्हा फिरवली. घर्रर्र. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही. मामांनी स्टिअरिंगवर हात ठेवून साहेबांकडे पाहिलं. मामांचा तो चेहरा मला बघवेना.

"बघताय काय? लावा हात!"

कोण ओरडलं असेल? पाटणकर! बाह्या सरसावून सर्वात आधी तेच गाडीला भिडले. मग काय, टॅक्सवाले, बिनटॅक्सवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, बाजारपेठेतले झाडून सगळे दुकानदार. "हैय्या! हैय्या!" पाण्याने भरलेली गाडी तसूभर हलली, मग हातभर, मग उताराला लागली. मामांनी गिअर टाकला. एक गचका, काळ्या धुराचा लोट, आणि सायरन!

गाडी वळणाआड गेली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पायरीवर ते मोठे अधिकारी फाइल छातीशी धरून सुन्न उभे होते. पाटणकर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. तोंड काळं, कुर्ता काळा, श्वास लागलेला. गाडी गेली त्या दिशेने हात करून म्हणाले,

"साहेब, लिहून घ्या... गाडी उत्तम चालते!"