डोईवरून गेलेली जकात

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र नोकरीभर केला. आमच्या खात्यातली माणसं निवृत्तीनंतर यशस्वी तपासांच्या हकिकती सांगतात. ही तशी नाही. या प्रकरणात सत्य मला सापडलं होतं, आणि सापडल्यावर मी काय केलं ते सांगायचं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी मी ठाणेदार होतो. तेव्हा बाहेरून गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका जकात घेई. दिवाबत्ती, नळ, सफाई कामगारांचे पगार, सारं त्यावर चाले. नागपूरकडून येणाऱ्या रस्त्यावर जकात नाका होता. एक खोली, रस्त्यावर आडवा बांबू, टेबल आणि पावतीपुस्तक.

एके दिवशी मुख्याधिकारी फिर्याद घेऊन आले. या नाक्याचं उत्पन्न महिनोन्महिने घसरत होतं. गावातल्या दुकानांत तेलाचे डबे आणि गुळाच्या भेल्या मात्र भरपूर. म्हणजे माल आत येत होता, पावती फाटत नव्हती. नाक्यावरचा कारकून पैसे घेऊन माल सोडतो, असा त्यांचा संशय. मी कलम ४०९ खाली अपहाराचा गुन्हा नोंदवला.

खबर द्यायला नाक्यासमोरचा पानठेलेवाला स्वतःहून आला.

"साहेब, बाबूनं नवा रेडिओ घेतला. सायकल नवी. कारकुनाच्या पगारात होते का हे?"

"पैसे घेताना पाहिलंस?"

"आता पाहिलं म्हणाले मी का त्याच्या खिशात बसून रायतो, जी? पण धूर निंगून राहिला तं चूल असनच ना."

खबर देणाऱ्याला खबर द्यावीशी का वाटली, हे आधी तपासायचं असतं. नव्या शिपायाला मी हे शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः ते केलं नाही. पानठेलेवाल्याचं दुकान ज्या ठोक व्यापाऱ्याच्या जागेत होतं, तोच व्यापारी नगरपालिकेत सभासद होता, हे मला फार उशिरा कळलं.

कारकून पस्तिशीचा होता. त्याच्या आईवडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि त्यांच्या वस्तीतला तो पहिला पगारदार माणूस. झडतीत रेडिओ सापडला आणि त्याची पावतीही. बायकोने विड्या वळून, पैसे साठवून तो घेतला होता. सायकलची पावती, कौलांची पावती, सगळ्या एका डब्यात नीट घड्या घालून ठेवलेल्या. आज मला त्यात व्यवस्थित माणूस दिसतो. तेव्हा मी पंचांसमोर म्हणालो, "ज्याच्या मनात पाप नाही तो इतक्या पावत्या कशाला जपेल?" संशयाने एकदा डोक्यात घर केलं की प्रत्येक चांगली गोष्टही त्याच्याच बाजूने साक्ष देते.

मी त्याला तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं. स्टेशन डायरीत अटकेची नोंद केली नाही. 'चौकशीकामी हजर' असं लिहायचं आणि संध्याकाळी सोडायचं, ही आमची तेव्हाची पद्धत. मी पहिल्या वाक्यापासून त्याला 'तू' म्हणत होतो. त्याच्या जागी दुसऱ्या आळीतला कारकून असता तर 'तुम्ही' म्हटलं असतं. हे मला कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतो आहे.

"माल कुठून जातो?"

"साहेब, बायांच्या डोक्यावरून जाऊन राहिला. डोईवरच्या वझ्याला जकात माफ आहे. नियमच आहे. मी तीनदा लिहून दिलं ऑफिसले."

"बायकांच्या डोक्यावरून ट्रकभर तेल जातं? मला शिकवतोस?"

"माझ्याजवळ नकला आहेत. आवक नंबर आहेत त्याच्यावर."

"पुन्हा कागद!"

तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याच्या मुस्काटात मारली. दारात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिने डबा बाकावर ठेवला आणि त्याला म्हणाली, "जेवून घ्या जी." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

त्याने कबुली दिली नाही. पण माझ्या अहवालावरून नगरपालिकेने त्याला निलंबित केलं. नाक्यावर दुसरा कारकून आला. मी समाधानात होतो. महिना गेला, दुसरा गेला. उत्पन्न घसरतच राहिलं.

वरून विचारणा आली तेव्हा मी नव्या कारकुनावरही संशय घेतला. त्याला पकडायला म्हणून साध्या कपड्यांत, डोक्याला दुपट्टा बांधून, सकाळीच नाक्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलो. सोबत एक हवालदार.

नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, नाक्याच्या अलीकडे फर्लांगभर, एक टिनाचं शेड होतं. तिथे ट्रक उभा. शेडमधून बायकांची रांग निघाली. प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर तेलाचा डबा, नाहीतर गुळाची भेली. गप्पा मारत, एकमेकींना हसत त्या भर उजेडात नाक्याच्या बांबूजवळून आत गेल्या. कारकुनाने मान वर केली, पुन्हा खाली घातली. अर्ध्या तासाने त्याच बायका रिकाम्या चुंबळी हातात घेऊन परतल्या आणि पुन्हा भरून निघाल्या. दुपारपर्यंत ट्रक रिकामा.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, अख्खा ट्रक डोईवरून गेला."

डोक्याचा दुपट्टा सोडून मी रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईला अडवलं.

"बाई, हा माल कुणाचा?"

"शेठचा. आपली का एवढी ऐपत हाय?"

"जकात भरली?"

ती थांबली. डबा डोक्यावर तसाच. "कायची जकात? डोईवर हाय तं माफ. गाडीवर ठेवला तं पैसे. तुमचाच कायदा हाय ना जी?"

मागची एक तरुण बाई म्हणाली, "मावशे, हा साहेब आज पहिल्यांदा डोळे उघडून आला दिसते."

साऱ्या जणी हसल्या. म्हातारी हसली नाही. "आमाले फेरीचे पैसे भेटतात. धानाचा रोवणा सरला का आमाले दुसरं काम कोन देते? तुमी बंद कराल, करा. पन आमाले चोर नोका म्हनू."

नियम खरोखर तसा होता. जंगलातून मोळी आणणाऱ्या, तलावातली मासळी, शेतातली भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना सूट मिळावी म्हणून कुणीतरी भल्या हेतूने तो केला असावा. शेठने, म्हणजे पानठेल्याची जागा ज्याची होती त्याच ठोक व्यापाऱ्याने, ती सूट भाड्याने घेतली होती. ट्रकचा माल शंभर डोक्यांवर वाटला की तो माल कायद्याच्या नजरेत ट्रकचा उरत नव्हता. आणि कारकुनाची तीन पत्रं नगरपालिकेच्या फायलीत होती. हवालदाराला पाठवून मी ती काढवली. आवक शिक्के होते. शेरा एकच: दप्तरी दाखल.

गुन्हा घडलाच नव्हता. नियमातली फट होती, आणि ती ज्याने दाखवली त्यालाच मी मारलं होतं.

वाचकांसाठी इथे थोडं स्पष्ट करतो. गुन्ह्यात आरोपपत्र देता येत नसेल तर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल पाठवतात. त्याला आम्ही समरी म्हणतो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण पुरावा किंवा आरोपी हाती लागला नाही. 'क' समरी म्हणजे मुळात गुन्हाच नव्हता, गैरसमजातून नोंद झाली. या प्रकरणात 'क' पाठवणं माझं कर्तव्य होतं. पण 'क' पाठवली असती तर तीन दिवस बसवून ठेवलेला माणूस, झडती, निलंबन, या सगळ्याचा जाब मला द्यावा लागला असता. बढतीच्या यादीत माझं नाव होतं. मी 'अ' पाठवली. न्यायालयाने मंजूर केली. कुणी विचारलं नाही.

खातेनिहाय चौकशीत नगरपालिकेने तेवढंच वाचलं: पोलिसांच्या मते गुन्हा खरा. पहिल्या कारकुनाला बडतर्फ केलं गेलं. हुकूम घेऊन तो ठाण्यात आला.

"साहेब, 'अ' काहून लिहिलं?"

मी म्हणालो, "खटला नाही ना तुझ्यावर? मग झालं."

त्याने हुकुमाची घडी केली आणि गेला. मला बढती मिळाली.

नियमाविषयीचं टिपण मात्र मी पाठवलं होतं. नगरपालिकेने डोईवरच्या ओझ्याची सूट काढून टाकली. शेठने हद्दीबाहेर मोठं गोदाम बांधलं आणि तिथूनच आजूबाजूच्या खेड्यांना माल विकू लागला. गावातल्या लहान दुकानदारांचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. नाक्यावर पावत्या फाटू लागल्या त्या अंबाडीची भाजी आणि मासळी आणणाऱ्या बायकांच्या. नगरपालिकेची पेटी मात्र तेवढ्याने भरली नाही. कर कुणावर लावला हे राजपत्रात वाचता येतं. तो शेवटी कुणाच्या अंगावर पडला हे रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सूट गरिबाच्या नावाने देताना ती कोण वापरणार, याचा विचार कायदा करणाऱ्याने केला नाही. आणि चोरी पाहायची सवय लागलेल्या मला, कायद्यानुसार चाललेली लूट समोरून जात असताना दिसली नाही. संशय घेणं हे पोलिसाचं काम आहे. तो संशय स्वतःच्या मनावरही घ्यायचा असतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. शिकलो तेव्हा दुसऱ्याची नोकरी गेली होती.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्या बडतर्फ कारकुनाचा शोध घेतला. साकोलीला तहसील कचेरीबाहेर तो लोकांचे अर्ज लिहून देतो. केस पांढरे झालेत. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून नेला होता. सगळी हकिकत, तीन पत्रं, 'अ' समरी, माझी सही. नगरपालिकेकडे ते जोडून बडतर्फीचा हुकूम रद्द करण्याचा अर्ज त्याला करता आला असता. नोकरी आता मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण त्याचा मुलगा सरकारी नोकरीला लागत होता आणि चारित्र्य पडताळणीत वडिलांचं विचारलं जात होतं.

"तुम्ही वाचा," मी म्हणालो.

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "'सद्भावनेने केलेल्या तपासात चूक झाली.' हा सद्भावनेने काढा, साहेब."

"कायद्याची भाषा आहे ती."

"भाषा मले समजते. दिवसभर हेच लिहून राहिलो. तुमी मले मारलं तेव्हा सद्भावना होती का?"

"नव्हती."

"समरी पाठवली तेव्हा?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने आपला पेन पुढे केला. मी तो शब्द खोडला.

"बाजूले सही करा," तो म्हणाला. "खाडाखोडीवर सही लागते."

मी सही केली.